पेटीतल्या पाण्याचा हिशोब: सातेरीची हवा आणि पाक, मृगापासून रोहिणीपर्यंत

जावळी तालुक्यातून एका तरुण मधपाळाचा प्रश्न आलाय. सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, सहा पेट्या होत्या. जून-जुलैत झाकणाच्या आतून पाणी ठिबकायला लागलं, कडेच्या पोळ्यांना बुरशी धरली. दर दोन दिवसांनी वाटीभर पाक चालू होता, साखर-पाणी एकास एक. तरी आषाढ-श्रावणात चार वसाहती उठून गेल्या, आता भाद्रपदात दोन उरल्यात. गावातला एक जण म्हणतो पेटी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळ, दुसरा म्हणतो झाकणाला भोकं पाड. वर्षभर पेटीला हवा किती ठेवायची, पाक केव्हा, किती आणि कसा द्यायचा, असं त्यांचं विचारणं आहे. पुढच्या वर्षी पेट्या पूर्वेला माण-खटावकडं न्यायचाही विचार आहे.

भाऊ, दोन्ही सल्ले सोडून द्या. ते का सोडायचे हे कळलं की निम्मं काम झालं. हवा वेगळी आणि पाक वेगळा असं धरून बरेच जण चालतात आणि घोळ तिथंच होतो. दोन्हींचा हिशोब पाण्याचा आहे. पेटीत पाणी किती जातंय आणि ते बाहेर कोण काढणार, एवढं विचारायचं.

साधं गणित करू. एक किलो साखर आणि एक लिटर पाणी असा पातळ पाक केला. माश्यांना तो साठवायचा तर त्यातलं पाणी २० टक्क्यांच्या आसपास आणावं लागतं. म्हणजे किलोभर साखरेसोबत पाव लिटर पाणी राहणार आणि पाऊण लिटर पाणी पंख हलवून पेटीबाहेर काढावं लागणार. तीच किलोभर साखर अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवली, तर बाहेर काढायचं पाणी पाव लिटर. साखर तेवढीच, कष्ट एक तृतीयांश. आणि गंमत म्हणजे माशी साखर खाते तेव्हा अंगात ती जळून पुन्हा पाणीच होतं, किलोमागं अर्धा किलोहून जास्त. तुम्ही पाण्याचा थेंब घातला नाही तरी पेटीत ओल तयार होतच असते. तुमच्या माश्यांना साखर कमी पडली नाही, पाणी जास्त झालं. शिवाय दर दोन दिवसांनी झिमझिम पावसात झाकण उघडलंत, म्हणजे पेटीतली ऊब आपल्याच हातानं घालवलीत.

आता ही ऊब का महत्त्वाची ते सांगतो. पिलाव्याच्या, म्हणजे अंडी-अळ्या वाढतात त्या जागी माश्या ३३ ते ३६ अंशांच्या दरम्यान तापमान राखतात, बाहेर काहीही असो. महाबळेश्वर, बामणोली, कोयनेच्या पट्ट्यात जुलैत पारा विशीच्या आसपास आणि हवा पाण्यानं भरलेली. नवख्याला वाटतं, अशा ओल्या हवेनं पेटी कशी सुकणार? पण २० अंशांच्या एक घनमीटर हवेत फार तर १७ ग्रॅम वाफ मावते, तीच हवा पेटीत शिरून ३४ अंशांवर गेली की ३७ ग्रॅमपर्यंत मावते. म्हणजे धुक्यातली ओलीचिंब हवासुद्धा आत तापली की तिच्यात निम्मी जागा मोकळी होते, आणि ती पाणी उचलून बाहेर नेते. अट एकच, आत तापवणाऱ्या माश्या हव्यात. पोळ्यांच्या सहा चौकटी बसतात त्या कोठीत दोनच चौकटी भरून माश्या असतील तर त्या कितीही पंख हलवोत, रिकाम्या चार चौकटींचा गारठा त्यांना हटणार नाही. पावसाळ्यातलं वायुवीजन म्हणून भोकांपासून सुरू होत नाही. आधी जागा कमी करायची.

सातेरीची एक खोड इथं लक्षात ठेवावी लागते. एखाद्या उकाड्याच्या दुपारी पेटीच्या बाजूला, दारासमोर न येता बसा आणि दाराशी वारा घालणाऱ्या माश्या नीट बघा. सातेरी डोकं बाहेर आणि शेपटाची बाजू दाराकडं करून उभी राहते, पंखांनी बाहेरची हवा आत ढकलते. मेलिफेरा ही परदेशी पाळीव माशी बरोबर उलटी उभी असते, डोकं दाराकडं, आणि आतली हवा बाहेर ओढून काढते. मेलिफेराच्या पेटीतली वाफ थेट दाराबाहेर पडते. सातेरीच्या पेटीत आत ढकललेली हवा पोळ्यांमधून फिरून परत वाट शोधते, त्यामुळं तिची पेटी मुळातच जास्त दमट राहते. दुसरं म्हणजे मेलिफेरा झाडांचा चीक आणून प्रोपोलिसनं फटी बुजवते, सातेरी ते करत नाही. तिच्या पेटीला पडलेली फट आपण बुजवली तरच बुजते. मोबाइलवर जे व्हिडिओ बघता ते जवळजवळ सगळे मेलिफेराचे आणि बर्फ पडणाऱ्या देशांतले असतात. त्यातला शब्दही खोटा नसेल, पण तो तुमच्या पेटीला लागू नाही.

थेंबांचं कारण यात आलंच. भाताच्या पातेल्यावर गार झाकण ठेवलं की आतून पाणी धरतं, तसं पत्र्याचं झाकण रात्री गार पडतं आणि वाफ त्याला चिकटून खाली माश्यांच्या अंगावर ठिबकते. प्लास्टिक गुंडाळलं की वाफेला जायला वाटच नाही, बुरशी आणखी वाढणार. वरच्या झाकणाला मोठी भोकं पाडली की ऊब निघून जाणार, वाऱ्याबरोबर पाऊसही आत येणार. करायचं ते असं, की वरचा भाग गार पडू द्यायचा नाही आणि वाफेला हळू निघता येईल एवढीच वाट ठेवायची.

रोहिणी संपत आल्या, वळीव एखाद-दुसरा पडून गेला, की मृगाच्या आत पेट्यांची तयारी उरका. आतल्या झाकणाचं जाळीचं भोक उघडंच राहू द्या आणि त्यावर कोरडं गोणपाट एक-दोन पदरी पसरा. आतलं झाकण आणि वरचं झाकण यांत जागा असेल तर भाताचा कोरडा पेंढा भरा. गोणपाट वाफ धरून ठेवतं आणि ठिबकू देत नाही. उघडीप मिळाली की ओलं काढून सुकं घालायचं, त्यासाठी पोळी उघडावी लागत नाहीत. वरच्या झाकणाला बाजूंनी जाळीची भोकं असतात, त्यांतली पश्चिमेकडची बंद करा, पूर्वेकडची ठेवा. आपल्याकडं पावसाचा सपाटा नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा पेटीचं तोंडही पूर्वेला किंवा आग्नेयेला फिरवून ठेवलेलं बरं. पेटी एकदम फिरवू नका, माश्या जुन्या दिशेनं येत राहतात. रोज थोडी थोडी फिरवत न्या. तळपाट पुढच्या बाजूला बोटभर कलता ठेवा, म्हणजे आत साचलेलं पाणी दारातून निघून जाईल. दार तीन बोटं रुंद पुरे, गांधीलमाशीला आत घुसता येणार नाही एवढ्या उंचीचं. घाटमाथ्यावर घरांना पावसाच्या आधी गवताच्या झडी बांधतात, तशी एक झड पेट्यांच्या पश्चिमेला उभी केली की अर्धं काम होतं. झड पेटीला टेकवू नका, हातभर अंतर ठेवा. पेटी ठेवायच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची पद्धत मुंग्यांसाठी चांगली, पण आषाढात त्या वाट्यांत कचरा आणि पानं पडून मुंग्यांना पूल तयार होतो. त्या दिवसांत पायांना ग्रीसचा पट्टा मारा.

आणि जागेचं सांगितलंच, माश्यांनी झाकलेल्या चौकटी तेवढ्या ठेवून बाकीच्या काढा, बाजूला लाकडी आडपाट लावून कोठी आखूड करा. सुपर (मधासाठी वर चढवतात ती कोठी) तर पावसाळ्यात ठेवायचाच नाही. काढलेली पोळी घरात उघड्यावर ठेवलीत तर मेणकिडा त्यांची चाळण करतो. गंधकाचा धूर देऊन घट्ट डब्यात किंवा रिकाम्या पेटीत फटी बंद करून ठेवा.

आता पाक. पावसाळ्यात घट्टच, दोनास एक. एक किलो साखर, अर्धा लिटर पाणी. पाणी उकळा, गॅस बंद करा, मग साखर घालून ढवळा. साखर घातल्यावर पाक उकळत ठेवू नका, तळाशी लागून करपला तर फेकून द्या. लिंबू पिळून पाक उकळायचा एक प्रकार लोकांत चालतो, म्हणे स्फटिक होत नाहीत. स्फटिक होत नाहीत हे खरं, पण आंबट आणि उष्णता मिळून साखर तुटते आणि त्यातून हायड्रॉक्सीमिथाइलफर्फ्युरल नावाचा पदार्थ तयार होतो, तो माश्यांना बाधतो. सातेरीला साखर तोडायला लिंबू लागत नाही, तिच्या लाळेतच ते काम करणारं द्रव्य असतं.

गूळ नको. काकवी नको, खांडसारी नको. साताऱ्या-सांगलीत हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आपल्याकडं गूळ हाताशी असतो आणि गावठी ते चांगलं अशी समजूत असते. गुळातले क्षार आणि न पचणारे पदार्थ माशीच्या पोटात साठतात, पावसामुळं तिला बाहेर उडून विष्ठा टाकता येत नाही, मग हगवण लागते आणि पेटीच्या तोंडाशी पिवळे-तपकिरी डाग दिसतात. कारखान्याची पांढरी साखर हीच माशीला सोसते, मग ती बारीक दाण्याची एस-३० असो की मध्यम दाण्याची एम-३०. हंगामात कराड, वाळवा भागात गुऱ्हाळं चालू झाली की माश्या कढईवर आणि काकवीवर जाऊन मरतात. तुमच्या पेट्या तिकडं कधी न्यायच्या झाल्या तर गुऱ्हाळापासून दूर ठेवा.

किती द्यायचा? सातेरीच्या बेताच्या वसाहतीला पोटापुरती आठवड्याला २०० ते ३०० ग्रॅम साखर धरा. घट्ट पाक करून आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, सगळ्या पेट्यांना एकाच वेळी. एकीला दिला आणि शेजारची उपाशी ठेवली तर लूटमार सुरू होते, आणि सातेरीच्या लुटालुटीत दुबळी पेटी एका दुपारी संपते. पाक रात्रीतून संपला पाहिजे. सकाळी उरलेला दिसला तर पुढच्या वेळी कमी द्या. तसाच राहिलेला पाक दमट हवेत दोन दिवसांत आंबतो, वास घेतला की कळतं.

देण्याची सोय अशी करा, की पेटी उघडायला लागू नये. आतल्या झाकणाला बाटलीच्या तोंडाएवढं वेगळं भोक पाडून घ्या आणि त्याला लाकडी खुट्टी करा. पाक द्यायचा तेव्हा खुट्टी काढून बाटली उलटी बसवायची, झाकणाला टाचणीनं चार-पाच भोकं पाडलेली. बाटली लहान घ्या आणि पूर्ण भरा. अर्धी रिकामी बाटली उन्हानं तापली की आतली हवा फुगून पाक खाली सांडतो. वर रिकामी सुपरची कोठी ठेवली की बाटली झाकली जाते. करवंटीत पाक घालून आत ठेवणारे आहेत, तेही चालतं, पण वर काड्या तरंगत ठेवा, नाहीतर सकाळी बुडालेल्या माश्यांचा थर मिळतो. सलग आठ-दहा दिवस झडीचे आले तर पाकापेक्षा कोरडी कांडी (साखरेचा घट्ट गोळा) बरी. घरी दळलेली पिठीसाखर थोड्या मधात मळून घट्ट गोळा करायचा आणि चौकटींच्या वर ठेवायचा. दुकानातल्या पिठीसाखरेत कधी कधी स्टार्च असतो, ती घेऊ नका. मध आपल्याच निरोगी पेटीतला हवा, बाजारातला नको, त्यातून रोग येतात.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडं येतो. पाक चालू असताना चार वसाहती का उठल्या? माझा अंदाज, परागकण संपले होते. साखर म्हणजे नुसतं इंधन. अळ्यांना खाऊ घालायला प्रथिनं लागतात, ती परागातूनच येतात. जून-जुलैच्या सलग पावसात माशी बाहेर पडत नाही, पडली तर फुलातला पराग धुवून गेलेला असतो. मग राणी अंडी घालायची थांबते, असलेला पिलावा बाहेर पडून संपतो, आणि पोळ्यात सांभाळायला पिल्लू उरलं नाही की सातेरीला त्या पेटीत अडकून राहायचं कारण उरत नाही. त्यात मेणकिडा, ओल आणि वारंवारची ढवळाढवळ. पिलावा असलेली वसाहत सहसा पळत नाही. म्हणून उघडीप मिळेल त्या दुपारी मधली एक चौकट वर काढून फक्त एवढंच बघा, की पोळ्याच्या घरांत तळाशी उभी अंडी आहेत का. अंडी असतील तर पेटी बंद करा आणि निर्धास्त राहा. नसतील तर चांगल्या पेटीतली अंडी-अळ्यांची एक चौकट, माश्या झटकून, तिला द्या. राणीला अडवायला दाराला जाळी लावतात, ती चार-पाच दिवसांपुरती. आतलं कारण दूर केलं नाही तर जाळी काढली की ती जाणारच.

परागाला पर्याय म्हणून भाजलेल्या डाळ्याचं बारीक पीठ किंवा तेल काढलेल्या सोयाबीनचं पीठ, त्यात पिठीसाखर आणि मळता येईल इतका मध. बोराएवढी गोळी चपटी करून बटर पेपरवर, पिलाव्याच्या बरोबर वर. एका वेळी मोठी दिली तर बुरशी येते आणि मुंग्यांना निमंत्रण जातं. सगळ्या पेट्या ती खातील असं नाही. दोन दिवसांत हात लावला नाही तर काढून घ्या. श्रावण संपताना मक्याचा तुरा, तेरडा, पुढं कारळा सुरू झाला की माश्या पायांवर पिवळे गोळे घेऊन यायला लागतात. त्या दिवसापासून गोळी बंद.

पेटी न उघडता आत काय चाललंय हे तळपाट सांगतो. आठवड्यातून एकदा तो मागून ओढून पांढऱ्या कागदावर झटका आणि उजेडात बघा. बारीक तपकिरी भुसा दिसला तर घाबरू नका, सातेरी जुनं काळं पोळं स्वतः कुरतडून खाली टाकते. त्या भुशात काळसर बारीक लेंड्या आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे असतील तर मेणकिडा आत शिरलाय, त्याच दिवशी पोळं शोधून कापा. साखरेचे कोरडे दाणे म्हणजे कांडी फार कडक झाली आणि माश्या ती खाली टाकतायत. एका रेषेत मेणाच्या टोप्यांचे (भरलेल्या घरांवरच्या झाकणांचे) कण पडले असतील तर वर दोन पोळ्यांमधल्या तेवढ्या गल्लीत साठवलेलं खाणं चालू आहे, आणि त्या रेषांच्या संख्येवरून माश्या किती चौकटींवर बसल्यात तेही कळतं. मेलेल्या पांढऱ्या अळ्या सापडल्या तर मात्र पिलावा उघडून बघावा लागेल. अळी डोकं वर करून मेलेली, चिमट्यात धरली तर पाण्याच्या पिशवीसारखी निघते, ते थाई सॅकब्रूड, विषाणूनं होणारा अळ्यांचा रोग. त्याला पाक हे औषध नाही. त्या पेटीच्या चौकटी दुसरीला देऊ नका, महाबळेश्वरच्या मध संचालनालयात दाखवा.

हस्ताचा पाऊस ओसरला की चित्र पालटतं. ऑक्टोबरचं ऊन तापतं, दार पूर्ण उघडा, गोणपाट-पेंढा काढा. कारवीचं वर्ष असेल, किंवा तुमच्या भागात कारळा आणि रानफुलोरा जोरात असेल, तर सुपर चढवायची वेळ येते. सुपर चढवायच्या आधी पाक बंद म्हणजे बंद. साठवलेला पाक सुपरमध्ये गेला की तो मध नव्हे, मग बाटलीवर काहीही लिहा. महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला २०२२ साली मधाचं गाव म्हणून मान मिळाला, आज त्या पट्ट्याच्या मधाला जो भाव आहे तो लोकांच्या विश्वासावर उभा आहे. एखाद्याच्या पाकाच्या बाटलीनं तो सगळ्यांचाच बुडेल. मध काढतानाही घाई नको. पोळ्यावर निदान तीन चतुर्थांश टोप्या बसू द्या. सातेरीचा मध तसाही जरा पातळ असतो, त्यात दमट हवेत कच्चा काढला तर दोन महिन्यांत फेस येतो. मधाचा हंगाम जोरात असताना रात्री पेटीला कान लावा, आतून सलग घरघर ऐकू येईल. ते पाणी काढायचं काम चालू आहे. तेव्हा वरच्या झाकणाची सगळी भोकं मोकळी हवीत, सुपर आणि झाकणात काडी अडकवून किंचित फट ठेवली तरी चालते, पाऊस नसल्याची खात्री असेल तर.

हिवाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दवाचे हिमकण होतात, पण दहा वाजता ऊन येतं आणि माशी उडते. कापसाचे पट्टे आणि थर्माकोल लागत नाहीत. दार निम्मं, वर एक गोणपाट, पेटी सकाळच्या उन्हात. साठा कमी असेल तर घट्ट पाक. स्ट्रॉबेरीच्या शेताजवळ पेट्या असतील तर त्यातून मध मिळेल ही आशा ठेवू नका, पीक सुधारेल. फवारणी कधी आहे ते शेतमालकाला आधी विचारून घ्या.

पातळ पाकाची खरी वेळ त्यानंतर येते. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर यायला साधारण २० दिवस लागतात, आणि ती मकरंद आणायला बाहेर पडेपर्यंत आणखी दोन-तीन आठवडे. मार्चमध्ये जांभूळ फुलणार, तर त्या फुलोऱ्यावर जाणारी माशी जानेवारीच्या अखेरीस अंड्यात असली पाहिजे. म्हणून संक्रांत झाली की एकास एक पाक, थोडा थोडा, दोन-तीन दिवसांआड. हवा कोरडी असते, पाणी काढायचा त्रास नाही, आणि पातळ पाक म्हणजे बाहेर मकरंद सुरू झाला असं समजून राणी अंडी वाढवते. फेब्रुवारीच्या शेवटी बंद करा. मार्च ते मे जांभूळ, हिरडा, गेळा हा आपला मुख्य हंगाम, त्यात माश्यांना आपलं काही नको असतं. फक्त मधाचा शेवटचा घाणा काढताना लोभ आवरा. पावसाच्या तोंडावर पेटी पूर्ण रिकामी करायची आणि मग जूनभर साखर घालायची, हा हिशोब मला कधी कळला नाही. पिलाव्याच्या कोठीतला मध अजिबात काढू नका.

माण-खटाव, आटपाडी, जतकडं पेट्या नेण्याचं विचारलंत. सूर्यफूल, कांद्याचं बियाणं, डाळिंब, शेवगा यांवर माशी चांगली काम करते, तिकडच्या मधपाळांकडं बहुतेक मेलिफेरा असते. सातेरीला तिथला एप्रिल-मे जड जातो. गेलातच तर तिथला प्रश्न पावसाळ्याच्या उलट आहे. बाहेर चाळीस अंश, हवा कोरडी, आणि माश्या आतलं तापमान पाणी आणून, ते पोळ्यांवर शिंपडून, पंखांनी उडवून उतरवतात. तिथं भोकं वाढवून फायदा होत नाही, उलट गरम कोरडी हवा आत शिरून अंडी सुकतात. आधी सावली द्या. कडुनिंब, चिंच, काही नसेल तर बोरू-पाचटाचा मांडव. झाकणावर पेंढा किंवा ओलं गोणपाट. दार पूर्ण उघडं. आणि पाणी पेट्यांपासून हाकेच्या अंतरावर, उथळ पाटीत खडे टाकून, रोज न चुकता. एक दिवस पाटी कोरडी पडली की माश्या शेजारच्या हौदावर जायला लागतात आणि मग त्यांना परत वळवणं अवघड. पाण्यात साखर घालू नका, त्यानं लूटमार लागते. संध्याकाळी दाराबाहेर माश्यांची दाढी लोंबलेली दिसली तर घाबरायचं कारण नाही, आतली गर्दी कमी करून त्या हवा खेळती ठेवतायत. दुपारीही ती तशीच असेल तर सावली कमी पडतेय. त्या उन्हात नवं, मऊ पोळं मधाच्या वजनानं सुटून पडतं, म्हणून चौकटी दुपारी उचलू नका.

पेट्या हलवायच्या रात्री. अंधार पडून माश्या आत आल्या की दार जाळीनं बंद, लाकडानं नाही. आतलं झाकण काढून तिथंही जाळीची चौकट ठोका. बंद पेटीत घाबरलेल्या माश्या इतकी उष्णता करतात की तासाभरात पोळी वितळून सगळी वसाहत चिकटून मरते. चौकटी गाडीच्या लांबीला समांतर ठेवा, ब्रेक लागला की आपटत नाहीत. केळघर घाट उतरताना हे विशेष. निघण्याआधी दोन दिवस पातळ पाक देऊ नका, ताजा पाक पोळ्यांतून हिंदकळतो. निघताना तोंडाशी ओल्या गोणपाटाचा हात मारा, बास.

उरलेल्या दोन पेट्यांचं आता काय करायचं. दोन्हींत माश्या चार चौकटींवर असतील तर वेगळ्या ठेवा, घट्ट पाक चालू ठेवा, कारळा फुलला की बंद करा. एखादीत दोनच चौकटी माश्या असतील, तर ती एकटी हस्तापर्यंत टिकणार नाही, दोन्ही एकत्र करा. दोन पेट्यांतलं अंतर रोज हातभर कमी करत त्या शेजारी आणा. दुबळीतली राणी काढा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चांगल्या पेटीवर वर्तमानपत्राचा एक कागद अंथरा, त्याला टाचणीनं थोडी भोकं पाडा, कागदाला पाकाचा हलका हात लावा आणि दुबळीची कोठी त्यावर ठेवा. दोन-तीन दिवसांत माश्या कागद कुरतडून एकमेकींत मिसळतात आणि कागदाचा चोथा दाराबाहेर टाकायला लागतात. तो दिसला की वरची कोठी काढून चौकटी खाली घ्या, बुरशी आलेली पोळी टाकून द्या. रिकाम्या झालेल्या पेट्या उन्हात वाळवा, आतून मशालीचा जाळ फिरवा आणि जुन्या पोळ्याचं मेण चोळून ठेवा, म्हणजे पाऊस गेल्यावर थवे सुटायला लागतील तेव्हा पेट्या तयार असतील.